लेसोथो आणि स्वाझीलँड: फरक स्पष्ट करा

पुण्यात मी नऊ वर्षं भूगोल शिकवला आणि दर वर्षी आफ्रिका खंड चार तासिकांत उरकला. सहारा, नाईल, काँगोचं खोरं, सोनं-हिरे, झालं. लेसोथो हा देश नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटावर तीळ असावा तसा दिसायचा. मुली विचारायच्या, बाई, हा ठिपका कसला, आणि मी म्हणायचे, तो देश आहे, परीक्षेला येत नाही. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको.

२००८ मध्ये नवऱ्याला लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही जवळच्या नास या आयरिश गावात राहायला आलो. माझ्या पासपोर्टमध्ये जो शिक्का बसला त्याचा अर्थ एवढाच, की ही बाई अमक्याची बायको आहे, तिनं इथं राहावं, पण काम करू नये. साठ पोरींचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, दिवसभर खोली गरम करणाऱ्या रेडिएटरकडे बघत बसायला लागले. मुलगी शाळेतून आली की विचारायचे, काय शिकवलं गं आज, आणि ती दप्तर टाकत म्हणायची, "नथिंग मच, मॅम. इट वॉज ग्रँड." इथं आईला मॅम म्हणतात आणि ठीकठाक असलेल्या सगळ्यालाच ग्रँड. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इथल्या, किल्डेअर जिल्ह्याच्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर. नवरा म्हणायचा, "आराम कर ना, इतकी वर्षं राबलीस." आराम या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मी गावातल्या प्रौढ शिक्षण केंद्रात नाव घातलं. माझ्या शिक्क्यावर आणि मुलीच्या शाळेच्या वेळेत बसणारा एकच कोर्स होता, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची काळजी घेण्याचा. मला त्याची फार हौस होती असं नाही. नवरा म्हणाला, "तू? लोकांना अंघोळी घालणार?" मी म्हटलं, तुला नऊ वर्षं डबा दिला, ते काय वेगळं होतं?

वर्गात बहुतेक सगळ्या इथल्याच बायका. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर आम्ही तिघी आपोआप गोळा झालो. त्यातली एक लेसोथोची, बावन्न वर्षांची. तिच्या लोकांतही वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, त्यामुळे मी तिला ताई म्हणते म्हटल्यावर तिनं अर्थ विचारला आणि मान डोलावली. दुसरी स्वाझीलँडची, तिशीतली. पाण्याच्या योजनेवर काम करायला तिकडे गेलेल्या एका आयरिश माणसाशी लग्न करून इथं आली होती. बडबडी, हसरी आणि खाण्यावर जीव. तिला आम्ही धाकटी म्हणायचो. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. माझ्या मनात मात्र ते मराठीतच साठलंय, तसंच सांगते.

ताई नासच्या बाहेर एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, चार वर्षं काम करत होती. मग नियम निघाला, की काळजी घेणाऱ्या प्रत्येकीकडे प्रमाणपत्र हवं, आणि तिच्या मॅनेजरनं तिला सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत आण, नाहीतर माझे हात बांधलेले आहेत. तिचं परमिट त्याच नर्सिंग होमच्या नावावर होतं. नोकरी गेली की परमिट गेलं, परमिट गेलं की देश सोडायचा. बाकी सगळे विषय ती आदल्या वर्षीच पास झाली होती. राहिला होता एकच, 'कम्युनिकेशन'. त्यात शेवटी वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं असतं. आदल्या वर्षी ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पाच मिनिटं तशीच उभी राहून ती खाली बसली होती. आता ही दुसरी आणि शेवटची संधी होती. हे तिनं मला डब्यातली भाजी वाढून घेता घेता, बस चुकली सांगावं तसं सांगितलं.

जानेवारीत बर्फ पडलं. आपल्याकडे पाऊस आला की रस्ते तुंबतात, तसं इथं चार बोटं बर्फ पडलं की सगळं ठप्प. बस बंद, शाळा बंद, आमच्या गल्लीत लोक घराबाहेर पडेनात. ताई मात्र लोकरी ब्लँकेट अंगाभोवती लपेटून, छातीशी मोठी पिन लावून, चालत नर्सिंग होमला गेली. तिचं गाव डोंगरात, तिथं हिवाळ्यात बर्फ असतंच. त्या आठवड्यात अर्ध्या बायका येऊच शकल्या नाहीत आणि तिनं एकटीनं तीन जणींचं काम ओढलं. आफ्रिकेत बर्फ पडतं हे मला तेव्हा कळलं. मला, भूगोलाच्या बाईंना.

बर्फ वितळल्यावर आमच्या शिक्षिकेनं विषय वाटले. बाई मनानं फार चांगली, तिचं सगळं 'ग्रँड' असायचं. कुणाला घोड्यांच्या शर्यती दिल्या, कुणाला कालव्याचा इतिहास, कुणाला घरगुती बेकिंग. आमच्या बाकाशी आली आणि म्हणाली, "तुम्हा तिघींना आफ्रिकेतल्या दोन लहान देशांतल्या राहणीमानाची तुलना. तुम्हाला सोपं जाईल." मी म्हटलं, "मी पुण्याची आहे." ती म्हणाली, "हो गं, पण तू भूगोल शिकवायचीस ना." धाकटी तोंडावर हात ठेवून हसत होती. देश कुठले घ्यायचे हे ठरवायची गरजच नव्हती.

मला चेव चढला. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या विषयातलं काम दिलं होतं. मी दोघींना सांगितलं, तुम्ही काही काळजी करू नका, मी आहे ना. नासच्या वाचनालयात चार दुपारी बसले. जाडजूड पुस्तकं काढली, आकडे उतरवले. पुण्याहून आणलेली स्केचपेनं आणि लाकडी पट्टी बाहेर काढली. मोठा पांढरा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मधोमध रेघ मारली. आपल्याकडे दहावीपर्यंत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, दोन गोष्टींची तुलना कशी करतात. मधे रेघ, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि वर लिहायचं, फरक स्पष्ट करा. मुद्देही ठरलेले. हवामान, पाणी, वीज, घरे, आहार, शिक्षण, आरोग्य. शेवटचा मुद्दा, सरासरी आयुर्मान. त्याखाली लाल पेनानं निष्कर्ष. मी लिहिलं, 'स्वाझीलँडमधील राहणीमान लेसोथोपेक्षा किंचित बरे आहे.' आणि कागद लांब धरून बघितला. काय सुरेख दिसत होता म्हणून सांगू.

आता हे सांगताना माझीच मला चीड येते. ज्या दोघी त्या देशांत जन्मल्या, वाढल्या, त्या दर मंगळवारी माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातलं खात होत्या. त्यांना एक अक्षर विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पुस्तकात आहे तर माणसाला कशाला विचारायचं, हीच आमची शिकवण. मी तीच पुढे शिकवली आणि तिचा मला अभिमानही होता.

शनिवारी दुपारी दोघींना घरी बोलावलं. नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला होता. थालीपीठं केली, लोणी काढलं आणि मग खोक्यातून साडी काढावी तसा तक्ता उघडून टेबलावर ठेवला. वाटलं, आता दोघी गळ्यात पडतात.

धाकटीनं आधी शेवट वाचला. "म्हणजे मी जिंकले?" ती हसली, पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं. ताई वरून एकेक ओळ वाचत खाली आली. बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"हा आकडा कसला?"

मी बाईंच्या आवाजात समजावून दिलं. एखाद्या देशात जन्मलेलं माणूस साधारण किती वर्षं जगतं, त्याची सरासरी.

"मी याच्यापेक्षा मोठी आहे," ती म्हणाली. "बरीच मोठी. म्हणजे तुझ्या कागदाप्रमाणे मी केव्हाच मेले."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पण शिक्षिकेची खोड अशी, की चूक झाली तरी तोंड बंद होत नाही. मी म्हटलं, "अगं, सरासरी आहे ती. म्हणजे काही जण खूप जगतात, पण बरेच जण तरुणपणीच..." आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

"कोण ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "माझ्या दोन धाकट्या बहिणी आहेत या आकड्यात. नवराही आहे, खाणीत होता तो. नावं सांगू?"

ती बोलताना चिडली नव्हती, रडली नव्हती. थालीपीठाचा शेवटचा तुकडा तिनं लोण्याला लावून खाल्ला. मीच पाणी पाणी झाले. उठले आणि कागद फाडायला हात घातला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "कागदानं काय केलंय? चांगला जाड आहे." आणि तिनं तो उलटा करून कोरी बाजू वर ठेवली. "आता विचार. आम्हाला विचार."

मग जे सुरू झालं त्याला तुलना म्हणायचं की भांडण, देव जाणे. मी विचारलं, पाणी किती लांब होतं? ताई म्हणाली, "किती लांब हे ज्यानं कधी वाहिलं नाही तो विचारतो. कुणाबरोबर जायचीस, असं विचार." ती आणि तिच्या बहिणी बरोबर जायच्या आणि गावातली सगळी लग्नं त्या वाटेवर ठरायची. धाकटी म्हणाली, आमच्याकडे नदी जवळ, तुमच्यासारखे दगड नाहीत. ताई म्हणाली, दगड आहेत म्हणून आमची घरं उभी आहेत, तुमच्याकडे काय, ऊस आणि ऊस. धाकटी म्हणाली, तुमच्याकडे झाडच नाही, शेणाची शेकोटी करता. ताई म्हणाली, ऊब शेणाची असो नाहीतर सागाची, हाताला कळत नाही. सोलापूरकर आणि कोल्हापूरकर रस्सा कुणाचा म्हणून भांडतात ना, डिट्टो तेच. माझं माहेर सोलापूरचं, मला ते भांडण लगेच ओळखू आलं.

आणि मग जेवणावर गाडी आली. धाकटी सांगत होती, त्यांच्याकडे मक्याचं पीठ भिजवून आंबवतात आणि त्याची आंबट लापशी करतात. ताई म्हणाली, मका काय घेऊन बसलीस, खरी लापशी ज्वारीची. पीठ भिजवायचं, दोन दिवस चुलीजवळ ठेवायचं, मग शिजवायचं. मी उठले आणि प्रेसमधून, इथं कपाटाला प्रेस म्हणतात, ज्वारीच्या पिठाचा डबा काढला. झाकण उघडून तिच्या नाकाशी धरला. ती वास घेत राहिली. मी म्हटलं, आमच्याकडे याला आंबील म्हणतात. आजारी माणसाला देतात, उन्हाळ्यात देतात, देवीलाही दाखवतात. माझ्या तक्त्यात 'आहार' या मुद्द्यापुढे मी दोन्हीकडे एकच शब्द लिहिला होता, 'निकृष्ट'. म्हणजे माझ्या आईची आंबील निकृष्ट. हे मी कुठल्या तोंडानं लिहिलं होतं?

पुढचे सहा शनिवार त्या माझ्याकडे आल्या. कागदाची मागची बाजू भरत गेली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, तिघींच्या. एकदा ताई म्हणाली, "तिसरा रकाना आख. तुझा." मी म्हटलं, मी कुठला देश? ती म्हणाली, "हे घर." आणि मला प्रश्न विचारायला लागली. पाणी? गरम, नळाला. वीज? आहे. काम? मनाई. घराबाहेर पडायचं तर? नवरा गाडी घेऊन जातो, बस तासाला एक. सकाळी नऊपासून तीनपर्यंत कुणाशी बोलतेस? धाकटीनं तिथं शून्य काढलं. ताईनं कागद लांब धरला, अगदी मी धरला होता तसा, आणि माझ्या आवाजाची नक्कल करून निष्कर्ष वाचला, "हिचं राहणीमान आमच्यापेक्षा किंचित वाईट आहे." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

मार्चमध्ये आम्ही ती मागची बाजू शिक्षिकेला दाखवली. तिनं सगळं वाचलं, मनापासून वाचलं. म्हणाली, "हे ग्रँड आहे, खरंच. पण गुण द्यायच्या कागदावर हे बसत नाही गं." आणि तिनं तो कागद आमच्यापुढे ठेवला. आकडेवारी, संदर्भ, तक्ता, निष्कर्ष. प्रत्येकापुढे गुण. बाहेरून परीक्षक येणार होता, कासलबारचा, काटेकोर म्हणून प्रसिद्ध. मग तिनं आमचा कागद उलटून माझा तक्ता बघितला. "ही बाजूच दाखवा. ही एकदम बरोबर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ही बाजू खोटी आहे. ती म्हणाली, आकडे खोटे आहेत का? मी म्हटलं, आकडे खरे आहेत, बाजू खोटी आहे. मी आवाज चढवला. वर्ग वळून बघायला लागला. मी म्हटलं, आम्ही हे दाखवणार नाही, काय करायचं ते करा. त्या बाईचा चेहरा उतरला, तिनं काय घोडं मारलं होतं कुणाचं. तेवढ्यात ताईनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुला नापास व्हायला परवडतं," ती म्हणाली.

एवढंच. मी खाली बसले. पासपोर्टवर शिक्का काहीही असो, मला या देशातून कुणी हाकलणार नव्हतं. मी नापास झाले असते तर घरी जाऊन तावातावानं नवऱ्याला सांगितलं असतं आणि चहा केला असता. मी लढत होते ती तिच्या पोटावर पाय देऊन, आणि तिला न विचारता. पहिल्यांदा तक्ता केला तेव्हाही विचारलं नव्हतं. घरी गेल्यावर मुलीनं विचारलं, "आर यू ओके, मॅम?" मी म्हटलं, ग्रँड.

ठरलं की पुढची बाजूच दाखवायची. वरचे चार मुद्दे मी वाचायचे, मधले तीन धाकटीनं, आयुर्मान आणि निष्कर्ष ताईनं. मी म्हटलं, आयुर्मान मी वाचते, तू दुसरं काही घे. ती नको म्हणाली. पाठ करायलाही नको म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला होता.

मेच्या सुरुवातीला तो दिवस आला. ताई सकाळची पाळी करून नर्सिंग होमच्या निळ्या युनिफॉर्ममध्येच आली, कपडे बदलायला वेळ झाला नव्हता. परीक्षक पहिल्या रांगेत, मांडीवर कागद, हातात पेन. कालव्याचा इतिहास झाला, बेकिंग झालं. आमची पाळी आली. मी हवामान ते घरे भराभर वाचलं, शिकवायच्या सुरात, एकदाही अडखळले नाही. धाकटीनं आहार वाचताना 'निकृष्ट' हा शब्द सरळ गाळला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ताई तक्त्याजवळ गेली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि गप्प उभी राहिली. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. काटा पुढे सरकला, तरी ती गप्पच. आमची शिक्षिका खुर्चीत पुढे सरकली होती. मी कुजबुजून पहिला शब्द सुचवणार, तेवढ्यात धाकटीनं माझा पाय जोरात दाबला.

"हा आकडा बरोबर आहे," ताई म्हणाली. "पुस्तक नासच्या वाचनालयात आहे, कुणालाही बघता येईल." परीक्षकानं काहीतरी टिपलं. "या आकड्याप्रमाणे मी मेलेली आहे. आज सकाळी आठच्या आत मी पाच माणसांना अंघोळ घातली, त्यांना कपडे घातले, नाश्ता भरवला. पाचही जण माझ्यापेक्षा खूप मोठे. त्यातले एक आजोबा रोज मला वय विचारतात. मी सांगितलं की म्हणतात, अजून पोरच आहेस की."

कुणीतरी हसलं. ती थांबली, हसणं संपू दिलं.

"माझ्या दोन बहिणी या आकड्यात आहेत. नवरा आहे. आणि मीपण आहे यात. लोक हे विसरतात. मी आहे म्हणून हा आकडा एवढा तरी आहे. मी नसते तर तो आणखी खाली असता. मी रोज सकाळी उठते आणि त्याला थोडा वर ढकलते."

मग ती खाली निष्कर्षाशी आली. तिनं तो मोठ्यानं वाचला. "हे माझ्या मैत्रिणीनं लिहिलंय. ती खूप हुशार आहे. तिनं दोन्हींपैकी एकही देश पाहिलेला नाही." या वेळी सगळा वर्ग हसला आणि मीही. "मला हा निष्कर्ष मान्य नाही." तिनं टेबलावरचं काळं पेन उचललं आणि माझ्या लाल अक्षरांवर, त्या परीक्षकाच्या डोळ्यांदेखत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. पट्टी न लावता.

परीक्षकानं चष्मा काढला. "मग तुमचा निष्कर्ष काय?"

"मी इतक्या लांबून काढणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा. दोन्हीकडे एकेक हिवाळा राहा. आमच्या बाजूला माझी जाऊ आहे, ती तुम्हाला ब्लँकेट देईल."

आणि ती येऊन बसली. मी तिचा हात हातात घेतला. मला सुचेना, हिला शाबासकी द्यावी की हिच्यासाठी रडावं. गुण द्यायच्या कागदावर निष्कर्ष खोडायचे गुण नव्हते, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. परवडत नसताना तिनं ते केलं होतं. नंतर कळलं, की आमच्या शिक्षिकेनं त्या दुपारी परीक्षकाशी बंद दाराआड तासभर वाद घातला. मी तिच्यावर आवाज चढवला होता त्याची मला अजून लाज वाटते.

निकाल जूनमध्ये पाकिटातून आला. ताईनं पाकीट स्वतः फोडलं नाही, धाकटीला फोडायला लावलं. ताई पास. धाकटी चांगल्या गुणांनी पास. तिघींत सगळ्यात कमी गुण मला, आणि खाली शेरा, 'निष्कर्षाला पुरेसा आधार नाही'. नऊ वर्षं लोकांच्या पेपरांवर मी शेरे मारले. तो शेरा जसाच्या तसा मी मारला असता. ताईनं दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्राची प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि कामाला लागली. तिचं परमिट पुढे वाढलं.

तो तक्ता तिनं मागून घेतला. मला वाटलं, फेकून देईल. तिच्या पुढच्या वाढदिवसाला आम्ही दोघी तिच्या घरी गेलो तर तिनं स्वयंपाकघरातल्या प्रेसचं दार उघडलं. आतल्या बाजूला तो चिकटवलेला, शेजारी दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. आयुर्मानाच्या रकान्यात माझ्या आकड्याखाली तिनं आमच्यासमोर लिहिलं, ५३. मग दार लावलं आणि ज्वारीची लापशी वाढली, आंबट, बोटानं चाटावी अशी.

२०११ मध्ये ५४. २०१२ मध्ये ५५. दरम्यान माझाही शिक्का बदलला आणि मी त्याच नर्सिंग होममध्ये आठवड्याचे तीन दिवस कामाला लागले. ताई माझी वरिष्ठ. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही की ती लांबूनच म्हणायची, "फरक स्पष्ट कर."

२०१३ च्या वाढदिवसाला आम्ही तिघी पुन्हा त्या दारापुढे उभ्या राहिलो. ताईनं पेन्सिल उचलली आणि थांबली. रकान्यात आता जागाच उरली नव्हती, मी रेघा जवळजवळ मारल्या होत्या. तिनं रेघ ओलांडून समासात लिहिलं, ५६, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, रकाना फार छोटा आखलात."